तिसऱ्या बाकाची सावली

(मुकुटबन. निकिताचे बाबा पुंडलिकराव यांच्या घरातली मागची खोली. अर्धी खोली वेचून आणलेल्या कापसाने भरलेली. दार उघडं. बैठकीत पाहुणे बसलेत. मुलामुलीला दोन शब्द बोलायला आत पाठवलंय.)

निकिता: तसं नको. फुटाळा, अजब बंगला, दीक्षाभूमी ही नागपूरची नावं मलाही माहीत आहेत. मला या येत्या आठवड्याचं सांगा. सोमवार ते शनिवार, दुपारी साडेबारा ते पाच. रोजचे दहा रुपये, त्यातच सिटीबस.

रजत: एवढं बारीक कशाला? मुली सहसा विचारतात, घर भाड्याचं आहे का स्वतःचं.

निकिता: किती मुली पाहून झाल्या?

रजत: तुम्ही चौथ्या.

निकिता: मी गंमत म्हणून विचारत नाही. नागपूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सहा दिवसांचं प्रशिक्षण आहे, सकाळी आठ ते बारा. मामीकडे उतरणार आहे. मामी शाळेत शिकवते, किल्ली एकच, ती पाचला येते. तोवर मी रस्त्यावर. तुम्ही दीड वर्षापासून तिथे नोकरीला आहात, तर तुम्हाला माहीत असणार.

रजत: हं. मग सोमवारी अजब बंगल्याकडे जाऊ नका, म्युझियम बंद असतं. सोमवारी वाचनालयात बसा. एक वाजेपर्यंत परीक्षेवाली पोरं जागा सोडत नाहीत. दीडनंतर खिडकीजवळची खुर्ची मिळते. कोणी काही विचारत नाही, फक्त समोर पुस्तक उघडं पाहिजे.

निकिता: थांबा, लिहून घेते. मंगळवार?

रजत: मंगळवारी चित्रकलेच्या कॉलेजात नवीन प्रदर्शन लागतं. फुकट. उद्घाटन चारला असतं, पण पावणेचारला जा. चित्रं नीट पाहायला मिळतात आणि नंतर समोसा. चित्रासमोर जरा जास्त वेळ उभं राहिलं की पोरं खूश होतात, स्वतःहून चहा आणून देतात.

निकिता: बुधवार?

रजत: बुधवारी वाचनालयातच व्याख्यान. या बुधवारी धूमकेतूवर आहे, फाटकावर पाटी लागली आहे. तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हाला आवडेल. हॉलमध्ये पंखे चांगले हायेत, आता थंडीत काम नाही त्यायचं, पण ऑक्टोबरात लय... फार बरं वाटायचं.

निकिता: बोला तुम्ही तुमचं. मीही घरी मले-तुलेच बोलते.

रजत: मंग ठीक हाये. मले तर बोलता बोलता घाम येऊन राह्यला होता. गुरुवारी गाण्याच्या शाळेत पोरी सतारीचा सराव करतात, दोन ते चार. आत नाही जायचं. मागच्या बाजूले पायऱ्या हायेत, तिथी बसलं की सगळं ऐकू येते. चुकलं की पहिल्यापासून वाजवतात. एकच जागा दर वेळी चुकते, आता मलेही पाठ झाली.

विमलताई: निकिता, झालं का वं? बाहेर चहाची दुसरी खेप झाली.

निकिता: पाच मिनिटं, काकू.

विमलताई: पाच म्हणजे पाचच. तुझे बाबा पंचांग घेऊन बसले. पौष लागायच्या आत साक्षगंध उरकू म्हणून राह्यले. आन् मारोतराव तं कवाचे सांगून राह्यले, पोरगं परमनंट झालं, आता फक्त घर मांडायचं. बरं वाटते बावा ऐकून. या वर्षात कोणाच्या तोंडून बरं काही ऐकाले भेटलंच नाही. घ्या रजतराव, हा लाडू खा. लाजू नका.

रजत: हो, ताई. ठेवा तिथी.

निकिता: गेल्या. हं, शुक्रवार.

रजत: शुक्रवारी तळ्यावर. पाण्याकडे तोंड करून पाच बाक हायेत. तिसऱ्यावर बसा. पहिल्या दोनवरून पोलीस येऊन उठवते, शेवटचे दोन जोडप्यायचे. तिसऱ्याच्या मागं पंपहाऊसची भिंत हाये, तिची सावली येते.

निकिता: किती वाजता?

रजत: अडीचले. दसऱ्याच्या वक्ती साडेतीन होत होते, तोवर उन्हात चटके. आता अडीचलेच येते. डबा उघडाले बरोबर वेळ.

निकिता: शनिवार राहू द्या. तुमचं ऑफिस किती ते किती?

रजत: दहा ते सहा.

निकिता: सुट्टी?

रजत: रविवार.

निकिता: जेवणाची?

रजत: अर्धा तास. काहून?

निकिता: तुम्ही मला सोमवार ते शुक्रवार पाच दुपारी सांगितल्या. दहा ते सहा नोकरी करणाऱ्या माणसाला यातली एकही दुपार माहीत असायला नको.

रजत: कधीमधी जाणं होतेच ना. साहेब बँकेत पाठवते, पोस्टात पाठवते.

निकिता: कधीमधी गेलेल्याला बाक आठवेल, भिंत आठवेल. सावली एका तासाने अलीकडे सरकली, हे एकदा बसून कळत नाही. त्याला दसऱ्यापासून आजपर्यंत बसावं लागतं. जवळजवळ रोज.

रजत: जरा हळू बोला.

निकिता: हळूच बोलतेय.

रजत: दार लावू का?

निकिता: नको. लावलं की सगळे उठून येतील. तुम्ही लाडू हातात घ्या आणि बोला. लांबून बरं दिसेल.

रजत: ऑफिस बंद झालं. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी. बियाण्याच्या कंपनीचं होतं, मालकानं दोन खोल्या रिकाम्या केल्या अन् कुलूप लावलं. नोकरी खोटी नव्हती. सव्वा वर्ष होती.

निकिता: आणि परमनंट?

रजत: थे बाबायचं. मी फक्त नाही म्हटलं नाही.

निकिता: दसऱ्यानंतर तुम्ही राहता कुठे?

रजत: त्याच खोलीवर. घरमालक बाबायच्या ओळखीचे हायेत, गाव त्यायचंही आमचं महागावच. म्हणून रोज साडेनऊले डबा घेऊन निघतो, साडेसहाले येतो. सकाळी अर्ज देतो, कोठी कोणी विचारलं तर जातो. बारा वाजले की काम संपते. मंग पायानं फिरतो. तुमाले जे सांगतलं थे सगळं पायानं हाये, सिटीबस लागतच नाही.

निकिता: घरी का नाही सांगितलं?

रजत: कसं सांगू? बाबानं कापूस विकला नाही अजून. गावात सगळ्यायनं पडेल भावात देऊन टाकला. बाबा म्हणते, आपल्याले घाई नाही, आपला पोरगा पगारी हाये, भाव आल्यावर पाहू. माझ्या भरवशावर थांबले थे. आमच्याही घरी अशीच खोली भरली हाये, यापेक्षा जास्त. आई कापसावरच झोपते.

निकिता: म्हणजे ते जितके दिवस थांबतील तितकं तुमचं खोटं वाढत जाणार.

रजत: मले समजते थे.

निकिता: नागपुरातले पेपर वाचता ना वाचनालयात?

रजत: वाचतो. रोज पहिल्या पानावर यवतमाळ असते. त्या दिवशी शेतकऱ्यायच्या आत्महत्येचा आकडा किती, थेच. मी पान उलटं करून ठेवतो आन् आज शहरात काय फुकट हाये त्याचा कोपरा काढतो. म्हणून मले सगळं पाठ हाये. तुमी विचारलं तवा, खरं सांगू, बरं वाटलं. दोन महिन्यात पहिल्यांदा मले कोणी असं विचारलं, ज्याचं उत्तर मले येते.

निकिता: मी काय आशेवर हो म्हणायला बसले होते, माहीत आहे? मुलगा नागपूरला आहे. तिथे राहून एम.एस्सी. करता येईल. बाबांनी वणीचं स्थळ आणलं, पुसदचं आणलं, मी दोन्हीला नाही म्हटलं. तुमचं ऐकून पहिल्यांदा मी साडी स्वतः काढली.

रजत: तुमी नापसंत म्हणा. म्हणा, उंची कमी हाये. कारण तेवढं सांगू नका.

निकिता: मग पुढच्या महिन्यात मारोतरावकाका तुम्हाला पाचव्या घरी नेतील. ती सावलीचं विचारणार नाही. तिचं लग्न होईल.

रजत: मंग काय करू? बाहेर जाऊन सगळ्यायपुढं सांगू? बाबानं आज नवा सदरा घातला. चार लोक सोबत आणले. तिथल्या तिथी मान खाली जाईल त्यायची.

निकिता: सगळ्यांपुढे नाही.

विमलताई: काय वं पोरी, एवढं काय लिहून राह्यली? कागद भरला सारा.

निकिता: नागपूरले काय काय पाहाचं थे विचारलं, काकू. प्रशिक्षणाले जातो ना मी.

विमलताई: पाहा बरं. आत्तापासूनच फिराचं ठरवून राह्यले. सांगू का मंग बाहेर? तुझे बाबा उत्तरासाठी माह्याच तोंडाकडं पाहून राह्यले.

निकिता: काकू, उत्तर आज नाही.

विमलताई: आज नाही म्हणजे? पाहुणे महागावावरून आले, गाडी करून आले. नापसंत असन तं तसं सांग, दाबून ठेवू नको.

निकिता: नापसंत म्हणून नाही राह्यली मी. शनिवारी देतो उत्तर. आन् एक काम करा. मारोतरावकाकायले एकट्यालेच इकडं पाठवा. रजतरावायले बोलाचं हाये त्यायच्याशी.

विमलताई: इथी? या कापसात? बैठकीत काय झालं?

निकिता: बाबायले म्हणा, कापूस दाखवून राह्यलो. काकायलेही पाहू द्या, आपला कसा निघाला थे.

विमलताई: रजतराव, तुमचा चेहरा काहून असा उतरला? हे काही टाकून बोलली का तुमाले?

रजत: नाही, ताई. बराबर बोलल्या. पाठवा बाबायले.

विमलताई: पाठवतो बापा. मले काही समजून नाही राह्यलं, पण पाठवतो.

रजत: शनिवारी काहून?

निकिता: कारण आज तुम्ही मला आपणहून खरं सांगितलं ते एवढंच, या कागदावरचं. सोमवारपासून एकेक करून पाहते. वाचनालयातली खुर्ची, चारचा समोसा, सतारीची चुकणारी जागा. सगळं बरोबर निघालं तर निदान हे कळेल, की तुम्ही जे पाहता ते नीट पाहता.

रजत: आन् मंग?

निकिता: मग माहीत नाही. आधीच ठरवलं तर तपासून काय उपयोग? नोकरीला मी हो म्हणणार होते, ती तर नाहीच. माणसाला काय म्हणायचं, ते आज मला येत नाही.

रजत: बाबा आता लगेच कापूस विकाले काढतील. पडेल भावात.

निकिता: काढू द्या. त्यांचा कापूस, त्यांना ठरवू द्या. आत्ता ते तुमच्या खोट्यावर थांबलेत.

रजत: चपलेचा आवाज येऊन राह्यला. तुमी थांबा इथी.

निकिता: मी दाराबाहेर उभी राहते. कोणी आत येणार नाही, एवढं पाहते. शुक्रवारी तुम्ही तळ्यावर नसाल ना?

रजत: असलो तर?

निकिता: दुसऱ्या बाकावर बसा. तिसरा मला तपासायचा आहे. या काका, या. मी बाहेरच आहे.

रजत: बाबा, या. हो, चांगला हाये कापूस. नाही, तिची काही तक्रार नाही. खुर्ची नाही इथी, कापसावरच बसा माह्याजवळ. दसऱ्यापासून सांगतो.