सासू-सुनेची फर्माईश

—नाही हो, शपथेवर सांगतो, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. कंडक्टर खरा, सासू खरी, सूनही खरी. म्हणजे सासू मी थोडी रंगवली असेल — अहो, सासू रंगवल्याशिवाय दिसते कुठे? — आणि कंडक्टरच्या मिशा तेवढ्या माझ्या. माझ्या म्हणजे मी लावलेल्या. रेडिओवर मिशा कशा दिसणार? पण तेवढं सोडलं तर अगदी खरं. तुम्ही असं करा, इकडे या बघू, ह्या बाजूला बसा. कापूस त्या कानात घातलाय ना तुमच्या? मग मघापासून मी कापसाशीच बोलतोय! हां. आता कसं.

आमची ही आत आहे. त्या जाड दाराच्या खोलीत. कानाचं यंत्र बसवतायत. दार बघितलंत? आतून गादीसारखं शिवलंय, आत कुणी किंचाळलं तरी बाहेर कुजबुज यायची नाही. मघाशी मी कान लावून पाहिला, तर त्या यंत्र बसवणाऱ्या मुलीनं काचेतून मला बोट दाखवलं — असं, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराला दाखवतात तसं. म्हणून बसलोय. बसलोय कसला, उठतोय आणि बसतोय. बाक हलतो त्याबद्दल माफ करा. किती वेळ लावतात हो? तुमच्या वेळी किती लावला होता? — अच्छा, तुमचा नुसता मळ आहे. मळ बरा. मळ निघतो.

हिचं तसं नाही. हिचं एकदम नाही गेलं ऐकू. आधी दारावरची घंटा गेली, मग फोन गेला, मग पाऊस, आणि सगळ्यात शेवटी मी. शेवटी गेलो ही त्यातल्या त्यात मानाची गोष्ट म्हणायची. ती म्हणते, मान कसला, तुम्ही सगळ्यात मोठ्यानं बोलता म्हणून. आणि बाई कोण, तर जिचा सगळा जीव रेडिओला टांगलेला! लग्न होऊन आली तेव्हा सामानात कपड्यांची पेटी एक आणि रेडिओ एक — पेटीपेक्षा रेडिओ मोठा. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही तो. आधी आतला दिवा लागायचा, मग तापायचा, घरभर तापलेल्या धुळीचा वास सुटायचा, मग लांबून कुणीतरी जिना चढत येतंय तसा आवाज यायचा — आणि गाणं थेट मधल्या कडव्यातच! पहिलं कडवं कायम हुकलेलं. कित्येक गाण्यांना सुरुवात असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. पुढे कुणाच्या तरी समारंभात एक गाणं पहिल्यापासून लागलं, तर ही मला म्हणते, "हे काहीतरी नवीन जोडलंय वाटतं."

हसताय, पण काय दिवस होते ते! मी सकाळी सायकलवरून दुकानात निघालो की गाणं तुटायचं नाही. ह्या खिडकीत धृपद, पुढच्या खिडकीत अंतरा, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नुसती व्हायोलिनं — त्याच्या मशीनची घरघर व्हायोलिनांच्याच तालात — आणि दुकानाचं कुलूप उघडेपर्यंत गाणं बरोब्बर संपायचं. आता फोनवर मिळतात सगळी, माहितेय मला. मुलानं भरून दिलीत, हजारो आहेत म्हणे. पण हुकूम सोडला की हजर होणारं गाणं ते, त्याची वाट कोण बघणार? रेडिओवर आपलं आवडतं लागलं की कसं, आपल्याला कुणीतरी रस्त्यात नावानं हाक मारल्यासारखं व्हायचं. आणि ही तर फर्माइशीची कार्डं टाकायची. सकाळच्या कार्यक्रमाला. वर्षानुवर्षं टाकली. शेवटी एकदा वाचलं हो तिचं नाव — आणि नेमका त्याच क्षणी मी बादलीत नळ सोडला. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मला अजून स्वप्नात तो नळ येतो.

तर कान गेले आणि तिनं रेडिओवर कापड टाकलं, पिंजऱ्यावर टाकतात तसं. ढुंकून बघेना. मग एक दिवस सकाळी मी दाढीचा फेस लावून बाहेर आलो तर कापड काढलेलं, रेडिओ चालू, आणि ही पंजा असा त्याच्या डोक्यावर ठेवून बसलेली. ताप बघतात ना, तसा. म्हणाली, "चालू आहे. कळतंय मला हाताला. कुठलं लागलंय?" ती ओठ वाचते, बरं का. मी चष्मेवाला माणूस, तिचा चष्मा मीच करून दिलाय, माझे ओठ लख्ख दिसावेत असा — डोळ्यांचं काही असेल तर मला सांगा, कानाचं मला काही कळत नाही, आमच्या धंद्यात कान फक्त काडी अडकवायला. तर मी फेस पुसला आणि सांगितलं, ते गं, आगगाडीच्या शिट्टीनं सुरू होतं ते. तिचा चेहरा असा उजळला म्हणता! लगेच पुढचा प्रश्न, "कुणी मागितलंय?" तिथं मी जरा अडलो. म्हणजे अडलो म्हणजे — त्या निवेदिका बाई नावं भराभर वाचतात ना. तर सांगितलं, एका कंडक्टरनं. शेवटच्या थांब्यावर छत्री विसरून उतरणाऱ्या बाईंसाठी.

झालं! दुसऱ्या दिवशी विचारते, "छत्री दिली का परत?" मग काय, कंडक्टर आठवड्याला एक गाणं मागायला लागला. मग सासू आली. सासूनं मागितलं ते, ऊन डोक्यावर आलं तरी डोळे न उघडणाऱ्या राणीचं — आमच्या सूनबाईंना अर्पण. दुसऱ्या दिवशी सुनेची फर्माईश, ते म्हाताऱ्या पोपटाचं — सासूबाईंना प्रेमपूर्वक. असं जुंपलं म्हणता दोघींचं! आमच्या हिला तर दुसरं काही सुचेना. जिन्यात दिसेल त्याला सांगायची. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मला दुकानात गाठून विचारतात, "काका, सुनेचं पुढं काय झालं? आमच्याकडे ते स्टेशनच लागत नाही." आता कसं लागणार? ते बंद होऊनच सात—

काही नाही. काही नाही म्हटलं ना. — बरं, ऐकलंत तर ऐकलंत. बंद झालं ते. हिचे कान जायच्या सुमारासच. त्या जागी आता दिवसभर बाजारभाव सांगतात आणि खतं कशी घालावीत ते सांगतात. हिच्या पंजाखाली रोज सकाळी कांदा थरथरतो आणि ही मला म्हणते, "काय आवाज लागलाय हो आज!" आता सांगा, त्या पहिल्या सकाळी काय करायला हवं होतं मी? तो चेहरा समोर, फेसानं भरलेला हात माझा, आणि म्हणायचं, अगं, कांदा उतरला? तुम्ही म्हटलं असतंत? नसतंच म्हटलं. पण तुम्ही एका गाण्यावर थांबला असतात. मी थांबलो नाही, हा फरक.

आता कळलं ना, बाक का हलतोय? ते यंत्र चालू झालं की संपलं. उद्या सकाळी ती पंजा ठेवणार आणि खत ऐकणार. शिवाय कानामागे आधीच माझी काडी आहे, त्यात आता डॉक्टरांचं यंत्र, दोघांना जागा कुठली तिथं? एक कोणीतरी पडणार. काल मनात आलं, फोनवरची गाणी आतून तार टाकून रेडिओला जोडून द्यावीत. पण गाण्याचं भागेल, निवेदिका बाई कुठून आणू? सासू कुठून आणू? — काय करतायत हो आत एवढा वेळ? काम झालं की दारावरचा दिवा लागतो म्हणाले होते, लागला का तो? नाही, तो तसाच आहे.

तसा इतक्या दिवसांत एकदाच पकडला गेलो. मोठ्या मेव्हणीनं पकडलं. दोन दिवस राहायला आली होती. सासू-सुनेचं तेव्हा फार विकोपाला गेलेलं, सूनबाई माहेरी निघायच्या बेतात, निरोपाचं गाणंही मी निवडून ठेवलेलं. त्या सकाळी असा रंगात आलो — डोळे मिटले, निवेदिका बाईंच्या आवाजात सुनेचा निरोप वाचला, मग गाणं, मधली हार्मोनियमसुद्धा माझ्याच तोंडानं — आणि मधेच वीज गेली. पंखा थांबला, रेडिओचा दिवा विझला, आणि मला पत्ताच नाही! मी आपला कडव्यामागून कडवं. शेवटचा सूर लांबवून डोळे उघडले तर मेव्हणी माझ्याकडे बघतेय. मग थांबलेल्या पंख्याकडे बघतेय. मग परत माझ्याकडे. म्हटलं, आटोपलं, आता ही जाऊन बहिणीला सांगणार. तर उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भावोजी, सुनेला एवढ्यात माहेरी पाठवू नका हो." एवढंच. कपबश्या उचलून आत गेली. म्हणून मग सून थांबली. आजपर्यंत थांबलीय.

—कोण, ही? ही तिथंच होती की. पंजा रेडिओवर, नजर माझ्या ओठांवर, मान अशी डोलवत होती, गाणं संपेपर्यंत.

—हं?

तुम्ही एका कानानं ऐकता, पण फार बारीक ऐकता हो.

हो. बंद रेडिओवर. पंजाखाली नुसतं लाकूड होतं, थंड. आणि मान डोलत होती.

बरं, मेव्हणी काढून टाका. मेव्हणी मी घातलेली आहे. हिला बहीण नाही, भाऊ नाही, एकुलती एक. खोलीत आम्ही दोघंच होतो. वीज गेली ती खरी, हार्मोनियम खरी, आणि ते वाक्यही खरं — ते हीच म्हणाली. "भावोजी" नाही, "अहो" म्हणाली. पंजा न उचलता. बाकी गोष्टीत काही खोटं निघालं तर ते निवेदनाच्या धंद्यातलं समजा, पण मेव्हणी तेवढी साफ खोटी. कधीपासून कळलं होतं तिला? मी विचारलं नाही. कोण विचारतंय? दुसऱ्या दिवशी तिनं हात ठेवला आणि मी नावं वाचायला सुरुवात केली. मागच्या वर्षी मी कंडक्टरला निवृत्त केलं, समारंभबिमारंभ करून, आणि परवा विसरून परत गाडीवर चढवला, तर ही शांतपणे म्हणते, "मुदतवाढ मिळाली वाटतं त्यांना."

मग घाबरताय कशाला, म्हणताय? तेच तर. पकडलं जायचं भय नाहीये मला. अहो, तिला आता सगळं ऐकू येणार. फोनवरची ती हजारो येणार, पहिल्या कडव्यापासून, खऱ्या गळ्यांची, खऱ्या व्हायोलिनांची. पाऊस येणार. मुलाचा फोन येणार. इतकं सगळं एका दिवशी दारात येऊन उभं राहिल्यावर माझ्या तोंडची हार्मोनियम कोण ऐकत बसतंय? इतकी वर्षं आमच्या घरात एकच स्टेशन लागत होतं, आणि त्याला श्रोता एकच. श्रोता गेला की स्टेशन बंदच करतात, कार्यक्रम कितीही चांगला असू दे. आणि मी काय, आनंद नको का व्हायला मला? झालाय की. झालाय म्हणून तर बसवत नाहीये. यंत्रासाठी मीच मागं लागलो तिच्या, ती नकोच म्हणत होती. "मला कशाला, माझं बरं चाललंय," म्हणाली. तुम्हीच सांगा, त्यावर काय—

दार.

आली. बघितलंत, वर बघतेय. दिव्याच्या पट्टीकडे. त्या पट्टीचा गुंगुं आवाज येतो ना, तो ऐकतेय. आपल्याला मघापासून आला का तो? कुणाचं तरी पेन पडलं — वळली! बघितलंत, वळली ती! ती मुलगी मला खुणावतेय. बोला म्हणते, तुम्ही काहीतरी बोला. मी? काय बोलू? अहो, इतका वेळ तुमचं डोकं खाल्लं आणि आता — नाव घेऊ का तिचं नुसतं? तुम्ही जा बघू आता, तुमचा नंबर केव्हाचा पुकारलाय, मीच ऐकू दिला नाही तुम्हाला. जा. आणि मेव्हणीचं कुठं बोलू—

श्श. हळू. तिला ऐकू येतंय.