हाक मारू नका

—बसा, बसा, बाकडं काय माझ्या बापाचं नाही. फक्त एक करा. तुमचे मालक त्या दुकानातून बाहेर आले की इथून हाक मारू नका — हात वर करा, रुमाल हलवा, काय वाटेल ते करा. का म्हणजे? म्हातारा सांगतोय म्हणून. कानाला त्रास होतो म्हणा.

ती पांढऱ्या शिडाची होडी दिसते ना, तिच्यातनं आलोय आम्ही. मुलगा, सून आणि मी. सुट्टी! या बंदरातून त्या बंदरात — वारा असला की होडी एका अंगावर कलते, चहा कपातनं मांडीवर, आणि वारा पडला की मढ्यासारखी पडून राहते. याला म्हणे आराम. घरी खाट नव्हती काय आरामाला? पण हिनं ठरवलं होतं. ही म्हणजे माझी बायको. कुठल्या दुकानात भिंतीवर एका बंदराचं चित्र बघितलं आणि धरून बसली — समुद्रावरनं जाऊ, दर बंदरात उतरू, बाजार बघू. मी म्हटलं, बाजारात काय बघायचं, तोच कांदा, तोच बटाटा. मुलानं होडी ठरवली आणि निघायच्या आधीच ही गेली. — हो, गेली. झोपेत. तोंड तसं करू नका, मला काही होत नाही. जेवतो, झोपतो. सून म्हणते, बाबा, एकदा रडा, मोकळे व्हाल. म्हटलं, नळ आहे काय, फिरवला की आलं पाणी?

होडीवर बरं असतं. सून मुलाला नावानं हाक मारते — अरे ये, अरे जा. लग्न झालं तेव्हा मी केवढा तमाशा केला होता, नवऱ्याला अरे-तुरे करते म्हणून. आता वाटतं, बरं झालं. कारण पहिल्याच बंदरात उतरलो, तर माशांच्या टोपल्यांमागनं कोण बाई ओरडली, "अहो, इकडे!" — आणि मी "आलो, आलो" करत निघालो की! थेट तिच्यापुढे उभा. तिच्या हातातली पिशवीसुद्धा घेतली. तिचा नवरा बघतोय, हा चोर का वेडा. मुलगा हसत हसत आला, आणि मग हसायचा थांबला. तेव्हापासनं उतरत नाही मी. गुडघा दुखतो म्हणून सांगितलंय. आज टाकीत पाणी भरायचंय, म्हणून सामानासारखं उतरवून ठेवलं मला इथं. उद्या ते चित्रातलं बंदर. मुलगा म्हणतो, तिथं तरी उतरा, आईसाठी. म्हटलं, बघू.

तसा तो शब्द काय तिचा एकटीचा? साऱ्या बायकांचा. पण जन्मभर दुसऱ्या कशानं बोलावलं नाही हो तिनं मला. एखादं वेगळं नाव तरी ठेवायचं — जाऊ दे.

आले का ते? निळा सदरा? मग ते उलटे कुठं निघाले? — हात हलवून काय होणार, पाठ आहे त्यांची. बाजारात शिरले तर शोधत बसाल. मारा हाक. मारा हो, मी तिकडं समुद्राकडं तोंड करतो.

हं.

हळू मारलीत. परत एकदा मारा, ऐकू गेलं नसेल त्यांना. — वळले? नक्की वळले?

बरं. मग जा. पिशवी राहिली बघा तुमची. जा म्हणतो ना.