तोडलेल्या निलगिरीची पानं

हदगावच्या बसस्थानकावर माझ्या शेजारच्या बाकावर एक वयस्क शेतकरी आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या हातात दोन पानं होती. एक लांबट अन् वाळकं, दुसरं रुंद अन् कोवळं.

"हे आपण गोठ्याच्या बल्ल्यांसाठी तोडलेल्या निलगिरीचं. अन् हे तिच्याच खोडाला आता फुटलेलं. एका मुळाला दोन झाडं कशी काय?"

"वास घ्या की."

"वास तोच हाय. पान ते न्हाई."

"आपल्या सत्यमनं शाळेतून रोप आणलं, तवा अशीच रुंद पानं होती त्याला."

"मग लांब कवा झाली?"

"सत्यम मोठा झाला तवाच कवातरी. आपलं ध्यान नव्हतं."

"म्हंजे तोडल्यावर झाड पुन्हा लहान झालं?"

"मला काय माहीत. त्यालाच इचारा."

"पुण्याहून तो फोन कुठं उचलून राहिला."

"न्हाई उचलत."

"उद्या जेसीबीवाला येऊन राहिला, खोड उपटायला. त्याला काय सांगू?"

"नगं म्हणा."

"का म्हणून इचारलं तर?"

"अजून लहान हाय म्हणा."