प्रकृतीच्या कारणास्तव

— नाजूक असेल तुझा बाप. असं त्याच्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं मी. म्हटलं नाही. का नाही म्हटलं? नोकरी मागायला गेलो होतो म्हणून. नोकरी मागायला गेलेल्या माणसानं समोरच्याचा बाप काढायचा नसतो, एवढं मला शाळा न शिकता कळतं. पण इथं म्हणतो, भाऊसाहेब, तुमच्यापुढं म्हणतो, कारण तो कागद माझ्या हातात दिला कुणी? तुम्ही. ह्याच टेबलावर लिहिलात, शिक्का मारलात, वर फुंकर घालून वाळवलात. उठू नका, बसा. मीही बसतो. तुमचं काम होऊ दे म्हणताय, तर हेच तुमचं काम आहे. चहा नको. नको म्हटलं ना. बरं, आणलाच आहे तर ठेवा तिथं, निवू द्या.

तर तो पलीकडच्या नव्या आरागिरणीचा मॅनेजर, चष्मेवाला — तुमचा कागद त्यानं असा धरला, दोन बोटांत, भिजलेलं मांजर धरावं तसा — आणि लागला मोठ्यांदा वाचायला. सगळ्यांदेखत. 'आमच्याकडे आऱ्यावर काम करणारे हे गृहस्थ' — गृहस्थ म्हणे. उभा जन्म इथं भुसा खाल्ला, तेव्हा कुणी गृहस्थ म्हटलं नाही, हाकलताना गृहस्थ झालो — 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वखुशीने नोकरी सोडून जात आहेत. वर्तणूक उत्तम.' झालं. वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात थकलेला बैल बघतात तसं. म्हणाला, 'काय होतंय तुम्हाला?' मी म्हटलं, मला काही होत नाही, होतं ते दुसऱ्यांना होतं, माझ्यामुळं. सगळे हसले. तो नाही हसला. त्याला हसायचा पगार नसावा. म्हणाला, 'आऱ्यावर तुम्हाला घेता येणार नाही, तब्येत नाजूक दिसते, पण गेटवर जागा आहे. खुर्ची देतो. शिट्टी देतो. ट्रक आला की शिट्टी मारायची.' शिट्टी. ऐकताय ना? झाडाएवढे ओंडके ह्या हातांनी चिरले, आणि हा मला शिट्टी देतो. गळ्यात दोरी बांधून देणार होता, हरवू नये म्हणून.

आता बोला. नाही, मीच बोलतो, तुम्ही ऐका. स्वखुशीने — कुणाच्या खुशीने? माझ्या? मी काय नाचत गेलो इथून? दोघांनी दंडाला धरून फाटकाबाहेर सोडला मला, डबा मागून फेकला, झाकण एकीकडं आणि डबा एकीकडं. ही खुशी? आणि वर्तणूक उत्तम. अहो, उत्तम? मालकांच्या जावयाच्या कानफटात मारली मी, भर कामात, सगळी गिरणी बघत होती, तुम्ही ह्या खिडकीतून मान लांब करून बघत होता, आणि लिहिता काय तर वर्तणूक उत्तम. ती उत्तम असेल तर सांगा, रोज सकाळी येऊन मारून जातो. रतीब लावतो.

मला वाचता येत नाही असं वाटलं काय तुम्हाला? येतं. हळू येतं, पण येतं. आणि सही येते. अंगठेबहाद्दर नाही मी, हे ध्यानात ठेवा. इथं लागलो तेव्हा होतो. मग आमची ही दुपारची भाकर घेऊन यायची, नवीन लग्न झालं होतं, ती शिकलेली, सातवी — तिनं शिकवली सही. कुठं? तिथं मागं, भुशाच्या ढिगाऱ्यावर. बोटानं अक्षर काढायची, मी तिच्या अक्षरावरून बोट फिरवायचो, सगळे टिंगल करायचे, एक-दोघांना मी गप्प केलं. तेव्हापासून कुठं अंगठा लावला नाही. मुलीच्या लग्नाच्या हॉलवाल्यानं शाईची डबी पुढं केली, त्याला म्हटलं, डबी तुझ्या आज्याला दे, पेन आण. असा माणूस आहे मी. आणि माझ्या कागदावर तुम्ही खोटं लिहिता.

जावईबापूंनी काय केलं, ते नाही लिहिलं तुम्ही. मी सांगतो. ओंडका लावला होता मी आऱ्याला. मोठा होता, ओला होता, ओला ओंडका सरळ जात नसतो, आपल्या मनानं चालतो. जरा हलला. ओंडका हलला. हात नाही, ओंडका. तेवढ्यात जावईबापू मागून आले, इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट, भुशात पाय टाकताना असे उचलून टाकणार — आणि धरलं की माझं मनगट. चालू आऱ्यावरून हात धरून मागं ओढला, लहान पोराला विस्तवापासून ओढतात तसा. आणि ओरडले, 'आरा बंद करा, काकांची बोटं जातील.' काका. कोण काका? तुझ्या बायकोला खांद्यावर बसवून गिरणीत फिरवलंय मी, ती काका म्हणेल, तिचा हक्क आहे. तू कोण? आरा बंद झाला. सगळे बघायला लागले. कालची पोरं, ज्यांना ओंडक्याची साल कुठली आणि गाभा कुठला हे मी दाखवलं, ती माझ्या हाताकडं बघायला लागली. मनगट सोडवलं आणि दिली ठेवून. आरा बंद होता ना, आवाज चांगला घुमला.

काय? पातं हातापासून किती लांब होतं? होतं लांब. हे एवढं. नाही, एवढं नाही, ते आपलं — अहो, तुम्ही काय पंचनामा करताय? बोटं आहेत की नाहीत माझी? मोजून घ्या. आहेत ना सगळी? मग झालं तर. राहू द्या, मोजू नका, खिशात बरी आहेत.

भल्यासाठी? माझ्या भल्यासाठी लिहिलं म्हणता? हां, हे मला माहीत होतं, हे येणार होतंच. मारामारीचं लिहिलं असतं तर दुसऱ्यानं दारात उभं केलं नसतं, असंच ना? मी विचारलं की त्या चष्मेवाल्याला. म्हटलं, समजा ह्या कागदात लिहिलं असतं की हा माणूस भांडखोर आहे, मालकाला मारून आलाय, तर? तो म्हणाला — ऐका, तो म्हणाला — 'भांडखोर माणूस मी सांभाळून घेईन. आऱ्यावर आजारी माणूस नाही घेणार.' बघा. नाकानं कांदे सोलतो, पण एवढं खरं बोलला. म्हणजे तुमच्या भल्यानं माझं वाटोळं केलं. मी असा कागद मागतोय का की माझी आरती ओवाळा? खरं लिहा म्हणतोय. मारलं, हाकलला. दोन शब्द. तुम्हाला शाई कमी लागेल.

आणि हे प्रकृतीचं डोकं कुणाचं? तुमचं नाही. तुमच्या डोक्यात काही येत नाही, बाहेरूनच यावं लागतं, तुम्ही रागावू नका. थोरल्या मालकांचं? ते कानानं बहिरे, त्यांना मी गेलो हे अजून कुणी सांगितलं नसेल. मग जावईबापूंचं? त्यांच्या गालावर माझी बोटं उठली होती, ते माझं भलं कशाला — काय? कोण?

परत सांगा. कोण आली होती?

छे. आमची ही इकडं फिरकत नाही. पोरं झाल्यावर डबा मीच आणायला लागलो, तेव्हापासून तिनं ह्या फाटकात पाय ठेवला नाही, तिला भुशानं शिंका येतात. दुसरी कुणी असेल. हिरवी साडी? हिरव्या साड्या ढिगानं आहेत जगात. कपाळावर व्रण, इथं, डावीकडं? हां. हां, मग ती. कधी? मला काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी? त्या दिवशी ती मला म्हणाली, बहिणीकडं जाऊन येते. बहीण बरी आहे का विचारलं मी, म्हणाली, बरी आहे, तुमची आठवण काढत होती. मी आपला खूश. आणि ही इथं. एकटीच? चालत? बसली कुठं? ह्या बाकावर. ह्याच. पाणी तरी दिलंत का तिला? दिलंत, ते बरं केलंत.

काय म्हणाली? 'तब्येतीचं लिहा, म्हणजे ह्यांना पुन्हा कुणी आऱ्याजवळ उभं करणार नाही.' असं? असंच? आणि बटणांचं पण सांगितलं असेल. — नाही? बटणांचं नाही बोलली? मग काही नाही. कसली बटणं, कुणाची बटणं. सोडा. अहो, सदऱ्याची, सकाळी घाई असते, ती लावून देते, तिला हौस आहे, लग्न झाल्यापासून. लग्न झाल्यापासून म्हणजे आत्ता, गेल्या थंडीपासून. थंडीत कुणाचीही बोटं आखडतात. आता उन्हाळा आहे हे मला कळतं, भाऊसाहेब, घाम मलाही येतोय. पण एकदा सवय लागली की लागली. तिला सवय लागली. मला नाही.

हसू नका. हसला नाहीत? मग असं तोंड करून बघू नका, त्यापेक्षा हसा.

एक सांगा. खरं सांगा, खोटं आधीच पुष्कळ लिहून झालंय. जावईबापू होते का तेव्हा ऑफिसात? होते. तिनं हात जोडले का त्यांच्यापुढं? — वही काय चाळताय? जोडले का नाही, एवढंच विचारतो. जोडले.

मग आता तर लिहाच. ती मला विचारून आली नव्हती, आणि मी तिला विचारून आलो नाही, फिटलं. तिला काय, तिला वाटतं माणूस खुर्चीत बसला म्हणजे टिकला. दारात शिट्टी वाजवणारा नवरा तिला चालेल. मला नाही चालणार ना. रात्री माझा हात उशाखाली दाबून झोपते, म्हणते स्वस्थ पडा जरा — आता ह्यात तुमचा काय संबंध, तुम्ही लिहा. जुना कागद हा घ्या, फाडा, माझ्यादेखत फाडा. मी फाडला असता, पण तुमच्या हातचा आहे, तुम्हीच फाडा. हां. आता नवीन घ्या. लिहा: 'ह्यांनी मालकांच्या जावयाच्या कानफटात मारली.' हल्ला केला कशाला? हल्ला चोर करतात. कानफटात लिहा, लोकांना डोळ्यापुढं दिसलं पाहिजे. 'म्हणून ह्यांना कामावरून काढून टाकले.' टाकले, बरोबर. 'तब्येतीची काहीही तक्रार नाही.' 'काहीही'वर जोर द्या. वर्तणूक? वर्तणुकीपुढं तुम्हाला वाटेल ते लिहा, वाईट लिहा, मला काही वाटणार नाही. वाचा बघू. परत वाचा. आता कसा माणसाचा कागद वाटतो. शिक्का मारा.

चहाचं काय? निवला तर निवला, तुम्ही प्या. भरलेली कपबशी उचलायला मला आवडत नाही, सांडते. कुणाचीही सांडते.

अजून काय? सही? माझी कशाला? नवीन कागद मिळाला म्हणून. कुठं, ह्या चौकटीत? एवढ्याशा? इथं मुंगी मावणार नाही, माझं नाव मावतंय. नको, पेन ठेवा खाली. माझ्यापुढं धरून बसू नका असं, ठेवा म्हटलं ना. बाहेर ऊन चढलंय, चष्मेवाला दुपारी जेवायला जातो, मला तिथं पोचायचंय, इथं नक्षी काढत बसायला वेळ नाही मला. अंगठा चालतो ना? चालतो. पूर्वी चालत होताच की.

मघाशी म्हटलं ते म्हटलं. बघत काय बसलाय? ती शाईची डबी सरकवा इकडं.