माळवदावरची पांढरी माती

माझं माहेर बेंबळीचं, दिलं लोहाऱ्याकडच्या खेड्यात. सासरचं घर बघून बाप खूश झाला, दगडामातीच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद, म्हंजी लाकडं टाकून त्यावर मातीचं सपाट छत, उन्हाळ्यात आत शिरलं की गार. दरसाल पावसाआधी वर पांढरी माती टाकून तुडवायची, मग गळत न्हाय. जुनी काढायची न्हाय, तिच्यावरच नवी. सासू शिडीपाशी उभी राहून म्हणायची, आणखी टाक गं, लोक बघत्यात. माती जाड तेवढा घराचा मान जास्त.

मग भुई गुरगुराय लागली. काय सांगू तुम्हाला, फळीवरची भांडी आपोआप वाजायची, आमी लई दिवस अंगणात निजलो. जीपमधून साहेब लोक आले, म्हणले हा पक्का काळा दगड हाय, लई जुनी भुई, इथं मोठा धक्का बसत न्हाय, घरात जावा. गेलो.

पण त्या हादऱ्यांनी माळवदाला भेगा पडल्या, पावसात गळाय लागलं. मग सगळ्या गावानं काय केलं, पांढरी माती आणून भेगा बुजवल्या. भुई दावत होती छत फाटतंय म्हणून, आन आमी त्याच छतावर वझं चढवत होतो. माझी लेक सुमन, परकर नेसायच्या वयाची, तीबी लहान पाटी घेऊन शिडी चढायची. आये, बघ मला जमतंय, म्हणायची.

मग एका पहाटं मोठा धक्का बसला, पडलं सगळं. म्या चौकटीखाली घावले, नवरा आन पोरगा संतोष मळ्यात होते, म्हणून आमी तिघं राहिलो. सुमन आन सासू आतल्या खोलीत. पोरीला काढलं तवा तिच्या तोंडात पांढरी माती होती. जाऊ द्या, पुढचं न्हाय सांगत.

नंतर अभ्यासवाले आले. आमच्या शेतात भुई फाटून वर उचलली होती, तिथं टेप लावून मोजायचे. त्यातल्या एकाला म्या विचारलं, भुई पक्की म्हणला हुता ना तुमी लोक. तो म्हणला, मावशी, सगळा देश उत्तरंला सरकतोय, हिमालयाला रेटतोय, त्याचा दाब इथवर येतो. खाली दगडात जुनी चीर होती, तिच्यात तो हजारो वर्षं साठला आन चीर सरकली. इतकं सावकाश साठतं की वर काय दिसत न्हाय, म्हणून भुई पक्की वाटती. हीच चीर बहुतेक आता हजारो वर्षं सरकायची न्हाय, पण दुसरी कुठं हाय ते कुणालाच ठाऊक न्हाय. म्या म्हणलं, म्हंजी हजारो वर्षांतली पाळी माझ्याच सुमनची. तो टेप गुंडाळत बसला.

संतोष तवा शेजारीच उभा हुता, त्याला त्यातलं हजारो वर्षं तेवढं ध्यानात राहिलं. आता तो लेकीचा बाप हाय. सरकारनं वसवलेल्या नव्या गावातलं घर तापतं म्हणून यंदा त्यानं जुन्या गावचे दगड आणले, मातीत रचून शेजारी खोली बांधली, वर माळवद. म्या भांडले, दोन दिवस जेवले न्हाय. म्हणतो, आये, साहेबच म्हणले हुते की. दुसऱ्या चिरंचं त्याला आठवत न्हाय. माझी नात तिथंच निजती, गार लागतं म्हणून.

परवाच्या पावसात ती खोली गळली. काल पाटी घेऊन माझ्यापुढं उभा, आये, पांढरी माती कुठली चांगली गं, तुला ठाऊक असंल. ठाऊक हाय मला, डोळे मिटून जाईन तिथं. म्हणलं, इसरले. तर गेला दुसऱ्याला इचारायला, सांगणारे गावात लई हायती. आता नातीला म्या बळंच माझ्याजवळ पत्र्याच्या सपरात निजवते. उकडतंय म्हणून रडती, म्हातारी वाईट हाय म्हणती. म्हणू दे. देव तिला लई आयुष्य देवो, मला शिव्या घालायला तरी जगू दे पोर.