खुनाची वही

तुम्ही हसाल, पण मॅट्रिकच्या वर्षी मी पनवेलच्या पोलीस ठाण्यात बसलोय, आणि तेही खुनाच्या संशयावरून. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांची शिस्तच तशी. एक क्रियापद घ्यायचं आणि ते सगळ्या काळांतून, सगळ्या प्रयोगांतून लिहून काढायचं. मी 'ठार मारणे' घेतलं, आणि नाव-गाव घातलेली ती वही एसटी स्टँडवर विसरलो. नेमका आमच्या गावच्या मिठागराचा मुकादम दोन दिवस बेपत्ता होता.

फौजदारांनी वडिलांसमोर वहीतलं इंग्रजी मराठीत वाचून दाखवलं. "मी त्याला ठार मारतो. मी त्याला ठार मारलं आहे. तो माझ्याकडून ठार मारला गेला."

हा अभ्यास आहे, असं मी परोपरीनं सांगितलं, पण कोणाला पटेना. वडील कानाशी येऊन म्हणाले, "पोरा, खरं सांग. आमी तुला टाकनार नाय."

म्हणजे वडिलांनाही ते खरंच वाटलं होतं!

शेवटी मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "फौजदारसाहेब, गुन्हा घडलाय."

वडील मटकन खाली बसले.

"सातवं वाक्य साफ चुकलंय." मास्तर माझ्याकडे वळले. "शंभर वेळा लिहून आण!"

फौजदारांनी कपाळाला हात लावला. "अहो मास्तर, मुकादम सापडेपर्यंत तरी त्याला दुसरं क्रियापद द्या!"