आहेराची मरळ

न्हाई न्हाई, काचेवर टिचकी नका मारू पावणं — मासे बिचकत्यात. ज्ञानूनं घरातल्या समद्यांला सांगून ठेवलंय, टिचकी मारायची न्हाई म्हणून, तरीबी आल्यागेल्याचं बोट बरोबर तिथंच जातं. बसा असं, पाय लांब करा, गुडघा दुखतोय तर उगा मांडी कशाला घालायची? तुमची माणसं मळा बघून येतील सावकाश, बायका मुलीला, तुमच्या प्रतिभाला, घिऊन आत घर बघत्यात, आन् तुमच्यापाशी मी हाय. मी कोण? मी ज्ञानूची आत्या, साळुबाई. नवऱ्या मुलाची आत्या म्हंजी केवढ्या मानाची, पण आज मला काम काय दिलंय, तर मुलीच्या मामापाशी बसायचं आन् ह्या माशांच्या टाकीवर बोलायचं. टाकी सोडून बोलायचं न्हाई. वहिनीनं सकाळपासून बजावलंय — वन्सं, शेतीचं काढू नका, भावकीचं काढू नका, आन् मागच्या स्थळांचं तर नावबी घेऊ नका. आता मला काय एवढं कळत न्हाई व्हय? मागची स्थळं काय माझ्या बोलण्यानं मोडली? मुलगा टमाट्याची शेती करतो म्हणलं की लोक चप्पल शोधाया लागत्यात. पोरगा तिशी ओलांडून बसलाय, आन् हे स्थळ हातचं गेलं तर वहिनी आंथरूण धरंल, असं ती सोताच म्हणती. तेवढ्यासाठी मी आपलं टाकीवरच बोलणार. काय?

तर टाकी. टाकीचा छंद ज्ञानूला लहानपणापासनं हाय. म्हंजी तसं सांगायचं ठरलंय — न्हाई, हायच की. लहानपणी ओढ्यात खेकडी धरत फिरायचा, मंग तो काय छंद नव्हं? ही टाकी व्हय, ही टाकी दिवाळीनंतरची. ते मध्यस्थ आले व्हते ना, त्यांनी सांगितलं, मुलगी चांगली शिकलेली हाय, आन् तिला माशांची लई आवड — तिकडं आळे गावी तिच्या खिडकीत काचेची पेटी हाय, त्यात बारीक बारीक मासे पाळलेत. झालं! आमचा दादा, ज्ञानूचा बाप, म्हणला, तिच्या खिडकीत पेटी हाय ना, मंग आपण भिंतीत करू. नव्या बंगल्याची नवी भिंत, सैपाकघराची, प्लास्टर वाळलंबी नव्हतं नीट, ती फोडली आन् ही एवढी टाकी बसवली — इकडून हॉल, तिकडून सैपाकघर, आरपार. वहिनी म्हणली, आता मला कुकरची शिट्टीबी माशांसमोर मोजावी लागणार. पण दादाचं म्हणणं, मुलीच्या माणसांना दारातनंच दिसलं पाह्यजे.

ज्ञानूला आधी पटलंच न्हाई. खोटं कशाला सांगायचं म्हणला. पण येकदा जुन्नरला हनीफभाईंच्या दुकानात गेला — बाजारात मासे इकत्यात, रंगीत, ते हनीफभाई — आन् तिथनं आला तो येगळाच मुलगा होऊन आला. जेवताना मासे, झोपताना मासे. हनीफभाईंनी त्याला सांगितलं म्हणं, टाकी मोठी हाय म्हणून भरमसाट भरायची न्हाई, मासे बघून बघून घ्यायचे, येकमेकांच्या सोभावाचे. कुणी वरच्या अंगाला पवणारं, कुणी मधी, कुणी तळाला बसून उष्टं-खरकटं टिपणारं. हे बघा, हे बारके निळे-तांबडे, ह्यांला येकट्याला ठेवलं तर रुसून बसत्यात, ह्यांचा घोळकाच लागतो. आन् हे चापट, हळदीकुंकवाला आल्यावाणी मिरवत्यात ते, ते दोनच बरे, जास्ती झाले की भांडत्यात. मी म्हणलं, हनीफभाईंनी आमची भावकी बघितली व्हती का रं ज्ञानू?

आन् मासे लगेच आणायचे न्हाईत, आधी नुसतं पाणी. लोणचं मुरवत्यात तसं पाणी मुरवायचं म्हणं. रिकामी टाकी, आत मशीन बुडबुडं काढतंय, आन् आमचा ज्ञानू खुर्ची टाकून पुढं बसलेला. शेजारीपाजारी येऊन बघायचे, मासे कुठंयत? तर हा म्हणायचा, पाणी तयार होतंय. लोकांला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, लगीन जमंना म्हणून. फवारणीच्या पाण्याला लावत्यात ना ती कागदाची पट्टी, पाणी खारं हाय का गोडं बघायची, ती घिऊन रोज टाकीचं पाणी तपासायचा. तिकडं टमाट्यावर करपा आला तरी ह्याचं ध्यान पट्टीवर! आता हे शेतीचं निघालं — राहू द्या, करपा आटोक्यात हाय, फवारलंय. तर ते आत लाकूड दिसतंय ना वाकडं, ते आमच्याकडचं, डिंभे धरणाच्या वरल्या अंगाचं. मी दिलंय. ते उकळून घ्यायचं असतं. ह्यानं आंघोळीच्या हंड्यात उकळलं आन् सांगितलं न्हाई कुणाला. दादानं त्या पाण्यानं आंघोळ केली. दोन दिस चहात बुडवून काढल्यागत दिसत व्हता, आन् त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग!

बरं, एवढं झालं आन् पाणी एकदाचं मुरलं. हनीफभाई म्हणले, आता या मासे घ्यायला. ज्ञानूची टमाट्याची गाडी नारायणगावला जायची व्हती, म्हणून तो म्हणला आधी माल घालून येतो, मंग जुन्नर. आन् तो तिकडं गेला तवर वहिनीच्या मनात आलं, एवढी मोठी वस्तू घरात आली आन् पूजा न्हाई? ट्रॅक्टर आला तेव्हा केली, बोरिंगला पाणी लागलं तेव्हा केली, मंग टाकीनं काय पाप केलंय? मला विचारलं. मी म्हणलं, करू की. मला काय ठावं! मंग भावकीतल्या बायकांला बोलावणं धाडलं, आन् बोलावल्यावर बाई काय हात हलवत येणार हाय का? टाकीला हळद-कुंकू कुठं लावायचं — काच तर गुळगुळीत, बोट घसरतंय — मंग येकीनं वरनं वाहिलं पाण्यात. तिनं वाहिलं म्हणून दुसरीनं वाहिलं. मी बी वाहिलं, खोटं कशाला बोलू, चांगलं मूठभर. नारळ टाकीच्या कडेवर फोडायला निघाली व्हती येक, तिचा हात मी धरला, म्हणून ही काच आज जागेवर हाय.

आन् आहेर! घरभरणीला भांडी देत्यात, बारशाला कुंची देत्यात, माशांच्या टाकीला काय द्यायचं? मासा! ज्यानं त्यानं आपापल्या अकलेनं मासा आणला. चिमाजीनं — आमचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून हाय — त्यानं शेततळ्यातल्या चिलाप्या आणल्या बादलीभर. कुणी गोल्डफिश आणले, हळदीचं बोट लावून. येकीनं खेकडा आणला, तो पूजा संपायच्या आत सोफ्याखाली गेला. आन् आमचे हे. आमच्या ह्यांला मी म्हणलं व्हतं, तुमी नका मधी पडू. पण त्यांचं म्हणणं, हे दुकानातले मासे काय मासे हायेत का, पोराच्या टाकीत येक तरी खानदानी मासा पाह्यजे. ओढ्यातनं मरळीचं पिल्लू आणलं दुधाच्या बरणीत. बोटाएवढं व्हतं हो, अंगावर केशरी रेघ, इतकं देखणं की बायकांनी त्याचीच दृष्ट काढली.

ज्ञानू घरी आला तर टाकी लाल. नुसती लाल, आन् आत काहीतरी फिरतंय. मुरवलेलं सगळं पाणी गेलं वाया. पोरगं तिथंच भिंतीला टेकून खाली बसलं. डोळं भरलं व्हतं त्याचं, मी बघितलं. मंग उठला, फवारणीचा नवा कोरा ड्रम धुतला, भावकीचे मासे त्यात ठेवले, आन् पुन्हा पयल्यापासून पाणी मुरवाया बसला. मंग रीतसर हनीफभाईंकडनं बारके मासे आणले. हनीफभाईंनी बजावलं — भावकीचे मासे भावकीला परत द्या, आन् ती मरळ तर आजच्या आज काढा, ती कुणालाच ठेवणार न्हाई. पण पावणं, आहेर कधी परत करत्यात का? चिमाजीचा मासा परत केला तर चिमाजी बांधावर उभा राहील, आन् मरळ परत केली तर आमचे हे ह्या घरात पाऊल टाकणार न्हाईत. जावयाचा मान हाय. मंग ज्ञानूनं काय केलं, सगळे येकत्रच सोडले.

झालं की मंग. चिलाप्या झाडं उपटत्यात, आन् मरळ बघता बघता हातभर झाली, ती चिलाप्या गिळती. दिसाला येक कमी. आन् ज्याचा त्याचा मासा बघायला जो तो हजर! चिमाजी सकाळी दूध घालून थेट टाकीपाशी — आमचा कुठं दिसत न्हाई रं? त्या लाकडामागं झोपलाय म्हणायचं. चिमाजी म्हणतो, आमच्यातलं कुणी एवढं झोपत न्हाई. येक दिस त्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलं, मरळीच्या तोंडातनं शेपूट भाईर. तवापासून चिमाजी आन् आमच्या ह्यांचं बोलणं बंद हाय. तुमचा आमच्याला खातो म्हणजे काय, हे त्याचं म्हणणं. आमचे हे म्हणत्यात, खाल्ला तर खाल्ला, आहेर तोलामोलाचा आणायचा व्हता. आता सांगा, माणसांनी ह्याच्यावरनं भांडावं?

आन् ज्ञानू काय करतो ठावं हाय? कुणाचा मासा खाल्ला गेला की गुपचूप जुन्नरला जातो आन् तसाच दुसरा आणतो. तसाच ठिपका, तशीच शेपटी. हनीफभाई हसत्यात म्हणं त्याला. पण कुणाचं मन दुखवाया नको ह्याला. मी म्हणलं, अरं येड्या, येकदा मरळ काढ की. तर म्हणतो, आत्या, मामांना — म्हंजी आमच्या ह्यांला — वाईट वाटंल. असा हाय तो. त्याच्या मनात वाईट असतं तर मी सांगितलंच नसतं तुमाला. तो छंद जुना हाय म्हणून तुमाला सांगायचं ठरलं ना, तेव्हाबी सगळ्यांसमोर म्हणला, तुमी सांगा काय सांगायचं ते, मी प्रतिभाला खरंच सांगणार. रात्री वहिनी रडली त्याच्यावरनं. पण मला तर बाई तेव्हाच वाटलं, अशा पोराला मुलगी मिळू नये म्हंजी काय हो? काय कमी हाय त्याच्यात? माझ्या पोटचा असता तर मी काय केलं असतं, देव जाणे.

आता तुमाला सगळंच सांगून बसले मी. न्हाई, तुमी विचारलं न्हाई, खरं हाय. पण तुमी गप बसून ऐकता ना, मंग माणूस बोलत जातं. आता हे तुमच्या ताईंला सांगाल तुमी, आन् त्या म्हणतील, हे घर खोटारडं, ह्यांची भावकी भांडकुदळ, पोरगा बावळा. सांगा. मी सांगितलंय, मीच बोलणी खाईन. फक्त येवढं सांगा त्यांला, की —

थांबा. टाकीकडं बघा. आत न्हाई, टाकीच्या पल्याड — तिकडून सैपाकघरात कोण उभंय? तुमची प्रतिभाच ना ती? आन् शेजारी आमचा ज्ञानू. हा मळ्यात गेला व्हता ना सगळ्यांबरोबर? कधी आला मागल्या दारानं? बोलतोय बरंच. हात हलवतोय — खरं सांगतोय सगळं, येडं पोर. संपलं. झाकण काढलं बघा तिनं. बांगड्या वर सारल्या. अगं बाई, साडीचा पदर! जाळं मागितलं तिनं. घातला हात, पार कोपरापातूर. मरळ लाकडामागं हाय, ती अशी सापडायची न्हाई कुणाला, आमच्या ह्यांला बी — सापडली. पावणं, सापडली हो! सरळ उचलली. आमच्या ह्यांचा आहेर हाय तो, कुणाला विचारलं न्हाई, सवरलं न्हाई, अजून कुंकू लागलं न्हाई ह्या घरचं — आन् ज्ञानू बघा, बादली धरून उभाय, कान लाल झालेत. हसत्यात दोघंबी.

आमच्या ह्यांला मी सांगंन काहीतरी. तुमी असं वळून बसा पावणं, खिडकीकडं तोंड करा. वळा म्हणते ना. आपण काही बघितलं न्हाई.